वजन तुझं, हवा दुसऱ्याची!

जानेवारीत मी सेकंडहँड माउंटन बाइक घेतली. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, फुल सस्पेन्शन. दोन उन्हाळे आणि एक दिवाळी कापडाच्या दुकानात काम करून साठवलेले पैसे त्यात गेले. पुण्याहून ती ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत आडवी होऊन पाचोऱ्याला आली, तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. मी तिला घरापर्यंत चालवत नेलं नाही, हातात धरून ढकलत नेलं. उगाच ओरखडा नको!

फेब्रुवारीत माझ्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं.

झालं असं, की आम्ही चौघं सोयगावच्या बाजूला अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी गेलो होतो. उतार फार मोठा नव्हता. मुरमाचा रस्ता, मधे पावसाच्या पाण्यानं पडलेल्या दोन-तीन घळी. माझ्याबरोबरच्या मित्राकडे साधी, मागे शॉकअप नसलेली सायकल होती. तो आरामात उतरून गेला. मी पहिली घळ ओलांडली, मागचं चाक दगडावर आदळलं आणि सीटनं मला अक्षरशः वर फेकलं. हँडलवरून पलीकडे. महागातली सायकल माझी, आणि पडलो मी.

सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स एका हातानं दिली. घरी आईनं एकच वाक्य ऐकवलं, ‘विकून टाक ती.’ मीही जवळजवळ ठरवलंच होतं. मोबाइलवर फोटो काढून झाले होते, किंमतही लिहून झाली होती.

गॅरेजमधला क्लास

प्लास्टर निघाल्यावर एकदा घरच्या मोटरसायकलची चेन सैल झाली म्हणून भडगाव रोडच्या बाजूला एका ओळखीच्या मिस्तरींकडे गेलो. सहज माझ्या सायकलचा विषय निघाला. ‘आण बरं उद्या,’ म्हणाले. नेली. त्यांनी सीटवर तळहात ठेवून पूर्ण वजनानं दाबलं. सीट जेमतेम हलली. सोडल्यावर मात्र टक्कन वर आली.

‘दाबलं तर बसत नाही, सोडलं तर उडतं. कोणाची होती ही?’

‘पुण्यातल्या एकाची, काका.’

‘वजन किती त्याचं?’

मला काय माहीत! पण फोटोत पाहिला होता. चांगला उंचपुरा, भरलेला माणूस. नव्वदच्या पुढेच असणार. मी ६८ किलो.

‘मग बरोबर आहे भो. वजन तुझं, आन् हवा दुसऱ्याची. कसं चालंल?’

त्यांनी समोर उभी असलेली स्प्लेंडर दाखवली. मागच्या शॉकअपच्या बुडाशी पायऱ्या असलेली एक रिंग असते, पाच टप्प्यांची. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लावतो, तो ती रिंग वरच्या टप्प्यावर घेतो. एकटा चालवणारा खाली ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ही गाडी किंवा तिची बहीण असतेच, पण ती रिंग आपण कधी फिरवलीय का? नाही ना? शॉकअप कंपनीतून सेट होऊनच येतो, असं आपण धरून चालतो. पण कंपनीला आपलं वजन माहीत नसतं.

मोटरसायकलकडून सायकलकडे

मागच्या चाकाला एकच शॉकअप ही कल्पना सायकलवाल्यांनी मोटरसायकलकडून घेतली. लुसियाँ टिल्केन्स नावाच्या बेल्जियममधल्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं मोटोक्रॉसच्या गाड्यांसाठी एका शॉकअपची रचना केली. यामाहानं ती घेतली, आणि १९७३ मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन तसल्या यामाहावर २५० सीसीचा मोटोक्रॉस विश्वविजेता झाला. आज गल्लीत ‘मोनोशॉक’ म्हणून जी गाडी मिरवतो, तिचं मूळ तिथं आहे.

माउंटन बाइकची गोष्ट त्याच दशकातली. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. तेव्हा सस्पेन्शन नव्हतंच. सायकलसाठी पुढचा शॉकअप घेऊन रॉकशॉक्स ही कंपनी आली १९८९ मध्ये. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकिंग हा खेळ म्हणून आलं. मागचा शॉकअपही हळूहळू सर्रास झाला. मात्र मोटरसायकल आणि सायकल यांच्यात एक मोठा फरक राहिला. मोटरसायकल शंभर-सव्वाशे किलोची असते. चालवणारा ६० चा असो की ८० चा, एकूण वजनात फार फरक पडत नाही. सायकल चौदा-पंधरा किलोची, म्हणजे शॉकअपवर येणारं जवळजवळ सगळं ओझं तुमचंच. म्हणून सायकलचं सेटिंग माणसागणिक बदलतं.

शॉकअप म्हणजे गादी नव्हे

माझी पहिली चूक समजुतीची होती. मला वाटायचं, शॉकअप म्हणजे बुडाखालची गादी. धक्के कमी बसावेत म्हणून. ते होतंच, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. चाक जमिनीला धरून ठेवणं हे ते काम. चाक हवेत असेल तर ना ब्रेक लागतो, ना वळता येतं. मग नशीब!

आता विचार करा. वाटेत दगड आला तर चाक वर उचललं गेलं पाहिजे. पण खड्डा आला तर? चाक खाली जायला हवं. ते खाली जाण्यासाठी जागा कुठून येणार? तर सायकलवर बसल्या बसल्या शॉकअप आधीच थोडा दबलेला असला पाहिजे. नुसतं बसल्यावर शॉकअप जेवढा दबतो, त्याला ‘सॅग’ म्हणतात. सगळ्या सेटिंगचा पाया हाच.

शॉकअपची एकूण चाल, म्हणजे त्याचा दांडा जास्तीत जास्त जेवढा आत जाऊ शकतो ते अंतर, कंपनीनं दिलेलं असतं. माझ्या शॉकअपची चाल ५० मिलिमीटर आहे. आपल्यासारख्या चढ-उतार-मुरूम अशा मिश्र राइडसाठी सॅग चालीच्या २५ ते ३० टक्के असावा. म्हणजे माझ्यासाठी साडेबारा ते पंधरा मिलिमीटर. रेससाठी हलक्या क्रॉस-कंट्री सायकलवर तो २० ते २५ टक्के ठेवतात. फक्त उतारावरच्या डाउनहिल सायकलवर ३० ते ३५.

‘पण माझं मागचं चाक तर १४० मिलिमीटर हलतं, आणि शॉकअप फक्त ५०?’ बरोबर. शाळेतली तरफ आठवा. मागचा त्रिकोण ही तरफच आहे. चाकाची १४० ची हालचाल शॉकअपपाशी ५० ची होते, म्हणजे गुणोत्तर २.८. त्यामुळेच शॉकअपपाशी दोन-तीन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटला तरी चाकापाशी तो जवळपास तिप्पट होतो.

सॅग कसा मोजायचा?

लागतं काय? एक पट्टी, एक मित्र, एक भिंत. आणि शॉकअप हवेचा असेल तर शॉक पंप. हा पंप नेहमीच्या पंपापेक्षा वेगळा असतो. छोटा, काटा असलेला, साधारण ३०० पीएसआयपर्यंत जाणारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या नादी लागू नका. तो टायरसाठी आहे. शॉकअपमधली हवेची जागा एवढीशी असते, की जरा इकडेतिकडे झालं की दाब कुठल्या कुठे जातो. मी पंप विकत घेतला नाही. जळगावच्या एका सायकलवेड्या डॉक्टरांकडून दोन रविवारांसाठी उसना आणला.

पहिला आकडा कुठून धरायचा? सोपा ठोकताळा असा: आपलं वजन पाउंडात जेवढं, तेवढे पीएसआय. किलोला २.२ नं गुणा. वजन कसं मोजायचं तर राइडला निघतो तसं. बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, पाठीवरची बॅग, सगळ्यासकट. माझं ६८ चं ७२ झालं. ७२ गुणिले २.२ म्हणजे १५८. पंप लावून आधीचा आकडा पाहिला, तर काटा २५० वर! तेवढ्या हवेत बसून मोजलं तेव्हा सॅग आला फक्त ९ मिलिमीटर, म्हणजे १८ टक्के. मिस्तरी काका एका दाबात जे ओळखून गेले, ते पट्टीनं आता सांगितलं.

मोजायची पद्धत अशी. बारीक बटण असलेला लिव्हर ‘ओपन’वर ठेवा. लॉक असेल तर मोजमाप खोटं येतं. दाब बदलला की शॉकअप पाच-दहा वेळा दाबून सोडा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. मग भिंतीला कोपर टेकवून सायकलवर बसा, पाय पेडलवर. दांड्यावर एक रबरी रिंग असते, ती मित्राला सीलला टेकवायला सांगा. आता न उसळता, मांजरीसारखं हळू खाली उतरा. रिंग जिथे राहिली तिथपासून सीलपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा सॅग. तीन वेळा मोजा. एकदा उतरताना धक्का बसला तरी आकडा चुकतो.

१६० वर माझा सॅग १५ आला. पण चढावर पेडल मारताना सायकल बदकासारखी डुलायला लागली. १७० वर १४ मिलिमीटर आला, २८ टक्के. तिथे थांबलो. पंप काढताना ‘फुस्स’ आवाज आला आणि मी घाबरलो. तो आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, शॉकअपमधल्या नव्हे. परत पंप लावला की काटा थोडा कमी दाखवतो, कारण तेवढी हवा नळीत जाते. म्हणून ‘तपासून बघू’ म्हणत चार वेळा पंप लावत बसू नका.

तुमच्या शॉकअपला हवेऐवजी जाड स्प्रिंग असेल तर पंपाचा संबंध नाही. तिथे स्प्रिंगवरची गोल चकती फिरवून ताण देता येतो. पण एक-दोन फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवावं लागलं, तर समजा की स्प्रिंगच आपल्या वजनाची नाही. चकती कितीही आवळली तरी मऊ स्प्रिंग कडक होत नाही. ती फक्त आधीपासून दबून बसते.

लाल बटणाची गोष्ट

आता माझ्या पडण्याचं खरं कारण सांगतो. हवा जास्त होती हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं मी स्वतः केलं होतं. शॉकअपवर एक लाल बटण होतं. लाल बटण दिसलं की फिरवायचंच, हा आपला स्वभाव! सायकल आली त्याच दिवशी मी ते ‘कडकपणा कमी होईल’ म्हणून पूर्ण उघडं फिरवून ठेवलं होतं.

ते बटण कडकपणाचं नसतंच. ते असतं रिबाउंडचं. दबलेला शॉकअप परत वर किती वेगानं येणार, ते तिथून ठरतं. बँकेच्या काचेच्या दाराला वर डोअर क्लोजर लावलेला असतो. नुसती स्प्रिंग असती तर दार धाडकन आपटलं असतं. आतलं तेल त्याला सावकाश बंद करतं. शॉकअपमध्येही तसंच. स्प्रिंग किंवा हवा ओझं पेलते, आणि तेल उसळी आवरतं. मी ते तेल जवळजवळ मोकळं सोडलं होतं. दगडावर आदळून दबलेल्या शॉकअपनं सगळी ताकद एका झटक्यात परत दिली. ती मला मिळाली.

याचं सेटिंग करायला फुटपाथ पुरतो. बटण पूर्ण बंद करा (घड्याळाच्या दिशेनं) आणि तिथून टकटक मोजत मधोमध आणा. बसलेल्या अवस्थेत, हळू वेगात फुटपाथच्या कडेवरून उतरा. सीट दबून एकदा वर यावी आणि शांत व्हावी. दोन-तीन वेळा डुलली तर उसळी जास्त आहे, एक-दोन टक बंद करा. वर यायला आळस करत असेल तर एक-दोन टक उघडा. फार संथही वाईट बरं का. लागोपाठ तीन दगड आले, तर पहिल्यावर दबलेला शॉकअप दुसऱ्यापर्यंत वर येतच नाही. तिसऱ्याला त्याच्याकडे चालच उरत नाही. नव्या पोराला वाटतं हवा कमी झाली, आणि तो अजून हवा भरतो!

म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी सॅग, मग रिबाउंड. हवा बदलली की रिबाउंड पुन्हा बघायचं. जास्त हवा म्हणजे जोरात उसळी, म्हणजे ती आवरायला जास्त टक.

वही ठेवा

यानंतरचं काम रस्त्यावरचं. एक ठरलेला तुकडा निवडा. मी गावाबाहेरच्या पाटचारीच्या कच्च्या रस्त्याचा साधारण एक किलोमीटर निवडलाय. तोच तुकडा, तोच वेग, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये सर हेच ओरडून सांगतात.

राइडनंतर रबरी रिंग कुठवर गेली ते बघा. सगळ्यात मोठ्या दणक्याला ती जवळजवळ टोकाला गेली तर उत्तम. पूर्ण चाल वापरायलाच दिलीय. दर खड्ड्याला टोकाला जाऊन ‘ठक्’ वाजत असेल तर पाच-दहा पीएसआय वाढवा. सॅग बरोबर असूनही ठक् वाजत असेल, तर हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे छोटे तुकडे टाकून शेवटची चाल कडक करता येते. ते काम जाणकाराकडून करून घ्या. रिंग कधीच तीन-चतुर्थांशच्या पुढे जात नसेल तर हवा थोडी काढा.

आणि आता खास आपल्या खानदेशाचा मुद्दा. एप्रिलमध्ये सकाळी सहाला, २५ अंशांत मी १७० पीएसआय भरले. मे महिन्यात दुपारी ४५ अंशांत त्याच शॉकअपमध्ये किती असतील? बारावीचा गॅस लॉ लावा. तापमान केल्विनमध्ये घ्या, म्हणजे २९८ चे ३१८. काट्यावरच्या आकड्यात बाहेरच्या हवेचे सुमारे १५ मिळवा, गुणाकार करा, पुन्हा १५ वजा करा. उत्तर येतं सुमारे १८२. एक पंप न मारता १२ पीएसआय वाढले! अंगणात उन्हात उभी केलेली सायकल संध्याकाळी कडक का वाटते, ते कळलं ना? ज्या वेळी राइडला जाता, त्या वेळच्या तापमानातच सेटिंग करा. हिवाळा लागला की पुन्हा बघा.

पावसाळ्यात दुसरी कटकट. आपली काळी माती. ती चाकाला चिकटते तशी शॉकअपच्या चकचकीत दांड्यालाही चिकटते, आणि वाळल्यावर सील खाते. राइडवरून आल्यावर मऊ फडक्यानं दांडा पुसा, एवढंच. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याचा फवारा सीलवर मारू नका. गंज काढायचा स्प्रे तर दांड्यावर नकोच. साधारण ५० तासांच्या राइडनंतर हवेच्या भागाचं तेल-सील बदलून घ्यावं असं कंपन्या सांगतात. पण एक कळकळीचं सांगणं: यूट्यूब बघून शॉकअप स्वतः उघडू नका. हवा आधी सोडलेली नसेल तर भाग गोळीसारखा सुटतो. काही शॉकअपमध्ये आतल्या कप्प्यात नायट्रोजन प्रचंड दाबानं भरलेला असतो, तो बाहेरून दिसतही नाही. मनगट एकदाच मोडलेलं बरं.

आणि आपल्या ‘डबल शॉकअप’चं काय?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ‘भाऊ, आमच्याकडे कुठे पुण्याची सायकल!’ खरंय. आपल्या कॉलेजच्या स्टँडवर उभ्या असतात त्या साध्या स्टीलच्या, मागे उघडी रंगीत स्प्रिंग असलेल्या सायकली. त्यांचंही थोडं सांगतो, कारण मला हल्ली जास्त विचारणा त्यांचीच होते.

तुमच्या स्प्रिंगवर ७५० किंवा तसा काही आकडा आणि पुढे ‘एलबीएस’ छापलेलं असेल. म्हणजे ती स्प्रिंग एक इंच दाबायला ७५० पाउंड लागतात. आकडा मोठा, तर स्प्रिंग कडक. पन्नास किलोच्या पोराला खूप कडक स्प्रिंग मिळाली तर ती फक्त वजन वाढवते, काम करत नाही. सॅग हिचाही मोजता येतो. दोन बोल्टांच्या मध्यांतलं अंतर आधी रिकाम्या सायकलचं मोजा, मग बसून मोजा. फरक म्हणजे सॅग. चकती एक-दोन फेऱ्या इकडेतिकडे करून बघा. स्प्रिंग बदलायची असेल तर बोल्टांमधलं हेच अंतर दुकानात सांगायचं.

मात्र या शॉकअपमध्ये बहुधा तेल नसतं. म्हणजे उसळी आवरणारं कुणी नाही. त्यामुळे या सायकलवरून मोठ्या उताराला, उड्या मारायला जाऊ नका. गावातले खड्डे, शेताचा रस्ता, इथपर्यंत ठीक. मागचा त्रिकोण हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. खटखट वाजलं तर बोल्ट किंवा बुश सैल झालाय. तो आधी करून घ्या. आणि नवी घेणार असाल तर माझा प्रामाणिक सल्ला असा: बजेट कमी असेल तर मागे शॉकअप नसलेली सायकल घ्या. त्याच पैशात ब्रेक आणि गिअर बरे मिळतात, सायकल हलकी मिळते. त्या दिवशी घळ आरामात ओलांडून गेलेला माझा मित्र आठवा!

पुन्हा तोच उतार

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी, आम्ही परत त्या उतारावर गेलो. या डोंगररांगेत फिरताना एक पथ्य पाळा. पाटणादेवीच्या वरचा गौताळा-औट्रमघाट हा भाग अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालायची नाही. आमचा रस्ता गावचाच होता.

खरं सांगतो, वर उभं राहिल्यावर डावं मनगट आपोआप दुखायला लागलं. मित्र म्हणाला, ‘चल, उतरून चालत जाऊ.’ मी वही काढली. १७० पीएसआय, १४ मिलिमीटर, बंदपासून ५ टक. ऊन चढायच्या आत आलो होतो. रिंग सीलला टेकवली आणि सुटलो. पहिली घळ आली. मागचं चाक दगडावर आदळलं, शॉकअप दबला, वर आला आणि गप्प झाला. बस्स. काहीच झालं नाही. इतकं काही झालं नाही, की खाली पोचल्यावर मला जरा निराशाच वाटली.

रिंग बघितली. ४४ मिलिमीटर. ५० पैकी.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी काकांना सांगायला गेलो. ते एका मोटरसायकलच्या खाली आडवे झाले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, ‘पडला का पुन्हा?’

‘नाही काका.’

‘मग ठीक. चहा सांग दोन.’ आणि मग जरा थांबून, ‘आन् काय रे, वजन वाढलं का तुझं सुट्टीत?’

घरी येऊन वजनकाट्यावर उभा राहिलो. ७० भरलं. आमरसाचा सीझन होता ना! वहीचं नवं पान उघडलं.